दारावरचा रंग

"या वेळी रंग शाहीनच मारेल," गाडीची किल्ली देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि गॅरेजच्या जुन्या पेंटरचा, सर्जेरावांचा, जळफळाट झाला. बारा वर्षं बाईंची गाडी तेच रंगवत होते. शाहीनला स्प्रे गन धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

शाहीनचा रंग आरशासारखा उतरला. सर्जेरावांकडे फक्त पॉलिश आलं. त्यांनी मशीन दारावर एकाच जागी दाबून धरलं, रंग जळून पत्रा दिसेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाई कडाडल्या, "हे दार कुणी जाळलं?"

गॅरेजच्या मालकाने शाहीनकडे पाहिलं. तिने सर्जेरावांकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. "माझ्याच हातून झालं," ती म्हणाली. "नव्याने मारून देते."

सर्जेराव वाचले होते. पण डॉक्टरीणबाई लगेच निवळल्या. "चूक कबूल करायला मोठं मन लागतं, पोरी," म्हणत त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढं मात्र सर्जेरावांना सोसवेना. "खोटं बोलतेय ती!" ते ओरडले. "रंग मी जाळलाय. मुद्दाम!"

डॉक्टरीणबाईंचा हात शाहीनच्या पाठीवर तसाच होता.