फळीवरचा बिल्ला

जुन्या फायरमनने ज्याला पाइप धरायला शिकवलं, तोच मेहुणा अग्निशमन केंद्राचा प्रमुख झाला आणि याच्या पोटात दुखू लागलं. त्यात सकाळी मेहुण्याने त्याला बंबाच्या पुढच्या सीटवरून उठवून फळीवर नेमलं. आगीत शिरणाऱ्यांचे बिल्ले फळीवर अडकवायचे, सिलिंडरमधली हवा संपण्याआधी त्यांना माघारी बोलवायचं. "सतरा वर्षं आग विझवली, आता पहारेकरी," तो धुमसला. दुपारी गोदाम पेटलं. मेहुणा आपला बिल्ला त्याच्या हातावर ठेवून आत शिरला. त्यावरचं 'प्रमुख' डोळ्यांत खुपलं. हवा अजून दहा मिनिटं पुरणार होती, पण छपराखालून पिवळट धूर दिसताच तो वॉकीटॉकीवर ओरडला, "सगळे बाहेर." शेवटी मेहुणा आला, मागोमाग छप्पर कोसळलं. "भाऊजी, असा धूर तुम्हालाच कळतो, म्हणून बाहेर ठेवलं." बिल्ला परत देताना पोटदुखी वाढली; लेकाचा मनानेही मोठा निघाला.