आडवं आकाश

पडद्यावर चार गच्च्या, दोन पाण्याच्या टाक्या आणि एक ढग होता, सगळं आडवं. रीमने आपल्या या फिल्मच्या संगीतातला एकेक सूर इतका ताणला होता की रस्त्यावरच्या जनरेटरची घरघरही त्यातलीच वाटायची.

"अगं पोरी, कॅमेरा कलंडला होता का?" शेजारच्या नुहाद खाला मान वाकडी करून म्हणाल्या. "आणि हा ढग हलतच नाही. बैरूतची वीजसुद्धा याच्याआधी येईल."

"खाला, आईसारख्या कुशीवर होऊन बघा."

त्या सोफ्यावर आडव्या झाल्या. गच्च्या सरळ उभ्या राहिल्या, आकाश वर गेलं.

"हलतोय तो," पलंगावरून आई म्हणाली. "आता टाकीमागे जाईल."

कंबर मोडल्यापासून आईला दुसऱ्या कुशीवर वळता येत नव्हतं. रीमने हे आकाश आईच्या पाठीमागच्या खिडकीतून टिपलं होतं. खिडकी पलंगापासून दीड मीटरवर होती.