आतलं बटण

लेऑफ झाल्यापासून माझा तिशीतला मुलगा ईशान कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या घरी दिवसभर यूट्यूबवर जपानमधली एक गाडी लावून ठेवतो. एकाच डब्याची, डोंगरातल्या खेड्यांमधून जाणारी. तिची स्टेशनं आता मलाही नुसत्या आवाजावरून कळतात. आधी बोगदा, मग पूल, मग ती बाई गोड आवाजात पुढच्या स्टेशनचं नाव सांगते. आम्हा बापलेकांचं बोलणं काय ते या गाडीवरच.

आज गाडी थांबली तसं मी विचारलं, "दार उघडल्याचा आवाज कधीच कसा येत नाही रे?"

"ऑटोमॅटिक नाहीये, बाबा. ज्याला उतरायचंय त्याने आतून बटण प्रेस करायचं."

"मग कोणीच दाबत नाही?"

गाडी सुटली.

"उतरून करणार काय? देअर्स नोबडी ऑन द प्लॅटफॉर्म."

मी त्याच्या बंद दाराबाहेरचं दुपारचं ताट उचललं. पोळी वाळून कडक झाली होती. तिथे रात्रीचं ताट ठेवलं आणि रोजच्यासारखा दाराशीच कार्पेटवर बसून राहिलो.