वेगळी बरणी

दुकानातल्या टाकीत फायटर माशाने पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं होतं. खाली पडणारं एकेक अंडं तो तोंडाने उचलून त्यात ठेवत होता.

"आता मादीला बाहेर काढ," नवरा म्हणाला. "जवळ गेली तर नर तिला फाडून काढेल. पिल्लांचं तोच बघेल."

तिने जाळीने मादीला अलगद उचलून वेगळ्या बरणीत सोडलं.

"अहो, हिला काही वाटत असेल का?"

"माशाला कसलं आलंय वाटायला!"

वरच्या मजल्यावर बाळ रडलं. ती धावत जिन्याशी गेली.

"तू नको येऊस गं, मी घेतलंय त्याला!" थोरल्या जाऊबाईंनी वरूनच सांगितलं.



पोटचं बाळ त्यांच्या ओटीत घालून आठवडा झाला होता, पण त्याच्या रडण्याने तिला अजून पान्हा फुटत होता.