खडूची रेघ

डॉक्टरांनी डोळे तपासून अप्पांना गाडी चालवायला बंदी घातली, तरी त्यांची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप दारात चकाकतच होती. ऑइल बदलणं, ग्रीस भरणं अप्पांच्याच हातचं. पण रोज मी कामावरून आले की बॉनेट गरम लागायचं. “बॅटरी उतरू नये म्हणून जागेवरच सुरू ठेवतो,” अप्पा सांगायचे. मला पटेना. एके सकाळी निघताना मी गुपचूप एका चाकावर, जमिनीला टेकतं तिथंच, खडूची रेघ मारली. संध्याकाळी बॉनेट गरम, पण रेघ जागच्या जागी. माझीच मला लाज वाटली. तेवढ्यात लक्ष गेलं, चारही चाकांवर रेघा होत्या. “अप्पा, हे काय?” “गाडी चारही चाकांनी ओढते. संशय एकावरच कशाला?” ते ताठ्यात म्हणाले. मग आवाज उतरला. “खिडकीतून बघत होतो गं. तू कुठल्या चाकाशी वाकलीस, तेवढं दिसलं नाही.”