आजोबा, समोर बघा

आजी-आजोबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला दोघांचा मोठा फोटो फ्रेम करून द्यायचा, असं नातीने ठरवलं आणि तिथेच घोडं अडलं. घरातले सगळे अल्बम पालथे घातले, पण आजोबा समोर बघताहेत असा एक फोटो सापडेल तर शपथ. कॅमेरा पुढे आला की त्यांची मान वळलीच म्हणून समजा. "फोटो काढताना ह्यांचं लक्ष कधी जागेवर नसतं," ही तर आजीची जन्माची तक्रार.

"त्यात काय एवढं," स्टुडिओवाला म्हणाला. "त्यांचा पासपोर्ट फोटो आणा. त्यातला चेहरा बेमालूम बसवून देतो."

फ्रेम घरी आली. आजीशेजारी आजोबा अगदी ताठ, नजर थेट समोर.

"मला साक्षीला उभं केलंय की काय?" आजोबा पुटपुटले.

आजीने मात्र चष्मा लावून फोटो कितीतरी वेळ न्याहाळला.

"आता तरी बघताहेत ना नीट समोर?" नातीने ऐटीत विचारलं.

"बघताहेत खरे," आजी म्हणाली. "पण समोर काय होतं एवढं बघण्यासारखं? मी तर इकडे बसले होते."