खर्ज वाढवा

व्हिडिओ गेममधल्या जुन्या संगीताचे हौशी लोकांनी केलेले रिमिक्स जिथे जमतात, त्या फोरमवर ओग्न्यानच्या अभिप्रायाला वजन होतं. आधी कौतुक, मग नेमकी उणीव, हा त्याचा शिरस्ता. सोमवारी एका टोपणनावाला त्याने लिहिलं, "गुहेची धून झकास जमलीय. फक्त खर्ज फिका आहे. भिंत हादरली पाहिजे!"

बुधवारी प्लोव्हदिव्ह शहरातल्या त्याच्याच घराची भिंत हादरली. धून गुहेचीच होती.

"जाऊन बंद करून ये," रात्रपाळी करून आलेली त्याची बायको बिल्याना उशीत तोंड खुपसून म्हणाली, "नाहीतर मी आजच आईकडे चालले. मग बस अभिप्राय देत."

शेजारचा झिव्को ट्रॉलीबस चालवायचा. त्याने ओग्न्यानला आत ओढलं, हातात राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, पेला दिला आणि कपाटाएवढे नवे स्पीकर दाखवले. "शेजारीबुवा, चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला चांगलं म्हणालं. आता ते सर सांगतील तसंच करणार!" त्याचे डोळे भरून आले होते. ओग्न्यानने पेला संपवला आणि हसून निरोप घेतला.

घरी येऊन त्याने घाईघाईने फोरमवर लिहिलं, "खर्ज आता फारच झालाय. निम्म्यावर आणा."

उत्तर लगेच आलं.



"फार कसा होईल, सर? आमचा शेजारी एरवी खुर्ची सरकली तरी भांडायला येतो. आज राकिया पिऊन हसत हसत गेला. म्हणजे खर्ज अजून कमीच पडतोय!"